डांबरी पृष्ठभागांचे नूतनीकरण, उष्ण प्रदेशांतील

रस्ते, वाहनतळ, इमारतींचे प्रवेशमार्ग व आवारे यांवरील जुन्या डांबरी पृष्ठभागावर नवा लेप किंवा थर चढवून त्याची जलरोधकता, सपाटपणा व चाकांना मिळणारी पकड पुन्हा आणण्याच्या क्रियेस नूतनीकरण म्हणतात. खड्डा बुजविणे ही दुरुस्ती होय. पाया खचल्यामुळे मार्ग उकरून तो नव्याने बांधणे ही पुनर्रचना होय. नूतनीकरण या दोहोंच्या मधले असून पाया शाबूत असेतोवरच ते उपयुक्त ठरते.

डांबरी बांधणीचे तंत्र प्रथम पॅरिस, लंडन यांसारख्या समशीतोष्ण हवामानाच्या शहरांत घडले. तेथे पृष्ठभागाची हानी प्रामुख्याने चाकांच्या घर्षणाने व हिवाळ्यातील गोठणाने होते. उष्ण प्रदेशांत वाहतूक अत्यल्प असली तरी केवळ उन्हाने पृष्ठभाग जीर्ण होतो. हा फरक ओळखून द्रव्ये, कसोट्या व देखभालीचे वेळापत्रक बदलण्यास विसाव्या शतकाचा बराच मोठा भाग खर्ची पडला. या विषयाचा इतिहास म्हणजे मुख्यतः या बदलाचा इतिहास होय.

नामविचार : मराठीत ‘डांबर’ ही संज्ञा दोन भिन्न पदार्थांना लावली जाते. दगडी कोळशाच्या ऊर्ध्वपातनातून मिळणारे काळे द्रव्य हे मूळ अर्थाने डांबर होय. खनिज तेलाच्या शुद्धीकरणात शेवटी उरणारा किंवा निसर्गात सापडणारा काळा, चिकट पदार्थ म्हणजे बिट्युमेन होय. आज रस्त्यांसाठी जवळजवळ सर्वत्र बिट्युमेनच वापरतात. तथापि लोकव्यवहारात त्यालाही डांबरच म्हणतात. हा भेद केवळ शब्दांचा नसून आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे, हे पुढे दिसून येईल. [→ अस्फाल्ट].

जीर्णतेची कारणे : बिट्युमेन हे तेलकट द्रव्यांत विखुरलेल्या जड रेणूंचे मिश्रण असते. उष्णता व हवेतील ऑक्सिजन यांमुळे त्याचे हळूहळू ऑक्सिडीकरण होते. तेलकट अंश कमी होऊन जड अंश वाढतो आणि लवचिक असलेले द्रव्य कठीण व ठिसूळ बनते. तापमान वाढेल तशी ही क्रिया जलद होते. भारतात उन्हाळ्याच्या दुपारी काळ्या पृष्ठभागाचे तापमान ६०° से. पेक्षा अधिक होऊ शकते. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण फारसे खोल शिरत नाहीत, परंतु वरच्या पापुद्र्यातील बिट्युमेन ते लवकर निकामी करतात. परिणामी पृष्ठभाग प्रथम काळ्याचा करडा होतो, नंतर बारीक कच व खडी सुटू लागते आणि शेवटी केसासारख्या भेगा पडून त्यांचे मगरीच्या कातडीसारखे जाळे बनते.

उन्हाचा दुसरा परिणाम याच्या उलट असतो. बिट्युमेन मुळात मऊ प्रतीचे किंवा प्रमाणाबाहेर असेल, तर ते उन्हाने वितळून वर येते, पृष्ठभाग तुळतुळीत होतो व अवजड गाड्यांच्या चाकांखाली चाकोऱ्या पडतात. थोडक्यात, उष्ण प्रदेशातील पृष्ठभाग तरुणपणी फार मऊ व उतारवयात फार कठीण होण्याचा धोका असतो. त्यात मोसमी पावसाची भर पडते. भेगांतून शिरलेले पाणी खडीवरील बिट्युमेनचे आवरण सोडविते व पाया मऊ करते. दख्खनमधील काळा बेसाल्टी दगड बिट्युमेनला चांगला धरून ठेवतो. ग्रॅनाइट व क्वॉर्ट्‌झाइट यांसारखे सिलिकाचे प्रमाण अधिक असलेले दगड पाण्यात ते लवकर सोडतात. मात्र दख्खनच्या पठारावरच काळी चिकणमाती उन्हाळ्यात आकसते व पावसाळ्यात फुगते. त्यामुळे तिच्यावरील पृष्ठभागास खालूनही भेगा पडतात.

वाहनतळ व आवारे यांची स्थिती आणखी वेगळी असते. वाहत्या रस्त्यावर चाकांच्या सततच्या दाबाने पृष्ठभाग काहीसा मळला जाऊन त्यातील बारीक भेगा मिटतात. वाहनतळावर हे घडत नाही. तेथील कोपरे केवळ उन्हाने तडकतात. एकाच जागी उभ्या राहणाऱ्या चाकांनी खळगे पडतात, जागच्या जागी चाके वळविल्याने खडी ओरबाडली जाते, दुचाकीच्या स्टँडचे टोक मऊ पृष्ठभागात रुतते आणि गळणाऱ्या तेलाने बिट्युमेन विरघळते.

प्रारंभीचा काळ : बिट्युमेनचा वापर उष्ण प्रदेशांतच सुरू झाला. मोहें-जो-दडो येथील महास्नानगृहाच्या बांधकामात इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकात जलरोधक थर म्हणून ते वापरले होते, तर बॅबिलनमध्ये विटांच्या बांधकामात व मिरवणुकीच्या राजमार्गावर त्याचा सांध्यासाठी उपयोग केला होता. आधुनिक रस्त्यांचा प्रारंभ मात्र यूरोपात झाला. जॉन लाउडन मॅकॅडम (१७५६–१८३६) यांच्या पद्धतीत फोडलेल्या खडीचे थर दाबून मार्ग बनवीत. बैलगाडी व घोडागाडी यांना हा मार्ग पुरेसा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये व १८६९ मध्ये लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवर नैसर्गिक अस्फाल्टी दगडाचा दाबून घट्ट केलेला थर वापरला गेला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एडवर्ड दे स्मेट या बेल्जियन रसायनज्ञांनी १८७० मध्ये न्यूअर्क येथे अस्फाल्टी फरसबंदी केली. १८७६-७७ मध्ये वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनिया मार्गासाठी त्रिनिदाद बेटावरील सरोवरातून काढलेले अस्फाल्टही वापरले गेले.

मोटारगाडीच्या आगमनानंतर खडीच्या रस्त्यांतील धूळ उडून रस्ता विसकटू लागला. या अडचणीवरील उपायाची कल्पना एका उष्ण प्रदेशातून आली. अर्न्स्ट गुग्लिएल्मिनेटी या स्विस वैद्यांनी डच ईस्ट इंडीजमध्ये काम करीत असताना रुग्णालयांतील लाकडी जमिनींना डांबर फासलेले पाहिले होते. १९०२ मध्ये मोनॅको येथे त्यांनी रस्त्याच्या एका लहान भागावर तापविलेले डांबर पसरून दाखविले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एडगर पर्नेल हूली यांनी डांबर व खडी यांच्या मिश्रणाचे, म्हणजेच ‘टारमॅक’चे, एकस्व घेतले. नूतनीकरणाचे पुढील दोन प्रवाह येथूनच निघाले : एक, असलेल्या पृष्ठावर पातळ लेप देण्याचा व दुसरा, तयार मिश्रणाचा जाड थर चढविण्याचा.

पातळ लेपाचे शास्त्र : फवारलेल्या बिट्युमेनवर एकेरी खडी पसरून ती रुळाने दाबण्याची पद्धत अनेक वर्षे केवळ अनुभवावर चालली. बिट्युमेन कमी पडल्यास खडी उडून जाई आणि जास्त झाल्यास उन्हात पृष्ठभाग पाझरे. न्यूझीलंडचे अभियंते एफ. एम. हॅन्सन यांनी १९३५ मध्ये यामागील हिशेब मांडला. पसरलेल्या एकेरी खडीत सु. ५० टक्के पोकळी असते. रूळ फिरविल्यावर ती सु. ३० टक्के व वाहतुकीने खडी आपल्या चपट्या बाजूवर स्थिरावल्यावर सु. २० टक्के उरते. या अंतिम पोकळीच्या ठराविक भागाएवढेच बिट्युमेन घालावयाचे, हे त्यांचे तत्त्व होय. पुढे अनेक देशांतील लेपनपद्धती याच तत्त्वावर उभारल्या गेल्या.

याच सुमारास बिट्युमेन न तापविता वापरण्याची सोय झाली. ह्यू ॲलन मॅके यांनी १९२२ मध्ये पाण्यात बिट्युमेनचे सूक्ष्म थेंब विखुरलेल्या पायसाचे ब्रिटिश एकस्व घेतले. पायस फवारल्यावर पाणी निघून जाते व बिट्युमेनचा पापुद्रा उरतो. १९५० नंतर धनविद्युत्‌भारित थेंबांची पायसे प्रचारात आली. सिलिकायुक्त दगडांनाही ती चांगली चिकटतात. पायस, बारीक कच, पाणी व थोडे सिमेंट यांची राबडी पसरून भेगा बुजविण्याची ‘स्लरी सील’ पद्धत व तिच्यापासून जर्मनीत निघालेली बहुवारिकयुक्त ‘मायक्रोसर्फेसिंग’ पद्धत ही पायसाचीच अपत्ये होत. भारतात या दोहोंसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने २००८ मध्ये मार्गदर्शक विनिर्देश प्रसिद्ध केले.

भारतातील वाटचाल : पहिल्या महायुद्धानंतर भारतात मोटार वाहतूक वाढली व खडीचे रस्ते अपुरे पडू लागले. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी १९२७ मध्ये बॅ. मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले ते हेच जयकर होत. समितीच्या शिफारशींवरून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी व १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था अस्तित्वात आली. १९४३ मध्ये नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत वीस वर्षांची योजना आखली गेली. दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था १९५२ मध्ये सुरू झाली. मुंबईजवळ तुर्भे भागात १९५४ व १९५५ मध्ये दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले.

मर्यादित पैशांत अधिकाधिक लांबीचे रस्ते काळे करणे, हे या काळातील धोरण होते. खडीच्या पायावर एक-दोन हात लेप देणे किंवा २० मिमी. जाडीचे, खडी व बिट्युमेन कालवून केलेले कारपेट पसरून त्यावर सीलकोट देणे या पद्धती रूढ झाल्या. सरकारी व सहकारी गृहसंकुलांची, शाळांची व बसस्थानकांची आवारेही याच रीतीने केली जात. अशा कारपेटमध्ये पोकळी बरीच असल्याने ते जलरोधक नसते. ते काम सर्वस्वी सीलकोटवर अवलंबून असते. काटकसर म्हणून सीलकोट गाळला अथवा पुढे ढकलला, तर पहिल्याच पावसाळ्यात पाणी पायापर्यंत पोहोचते. आवारांमधील अनेक अकाली खड्ड्यांचे मूळ येथे असते.

योग्य मिश्रण, पुरेशी दाबाई व पाण्याचा निचरा या गोष्टी सांभाळल्या, तर डांबरी रस्ता याच हवामानात दीर्घकाळ टिकतो. पुण्यातील जंगली महाराज रस्ता हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. दहा वर्षांच्या हमीवर बांधलेला हा रस्ता १९७६ मध्ये पूर्ण झाला व हमीची मुदत संपल्यावरही अनेक वर्षे खड्ड्यांवाचून राहिला.

कसोटीचे तापमान : उष्ण प्रदेशांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा बदल प्रयोगशाळेत झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिट्युमेनची प्रत सुईने ठरविण्याची कसोटी निघाली. २५° से. तापमानाला १०० ग्रॅ. वजनाखाली ५ सेकंदांत सुई जितकी रुते, त्यावरून प्रत ठरे. सुई ८ ते १० मिमी. रुतल्यास ८०/१००, ६ ते ७ मिमी. रुतल्यास ६०/७० अशी तिची संज्ञा असे. २५° हे समशीतोष्ण देशातील उन्हाळ्याचे तापमान होय. त्या अंशावर सारख्या दिसणाऱ्या दोन बिट्युमेनांपैकी एक ६०° से. ला टिकून राही व दुसरे पातळ होई. सुईला हा भेद कळत नसे.

दुसऱ्या महायुद्धात वजनदार विमानांसाठी धावपट्ट्या बांधताना अमेरिकी सैन्याच्या अभियंत्यांनी ब्रूस मार्शल यांची मिश्रणाची चाचणी स्वीकारली. ती ६०° से. ला घेतात. पुढे अमेरिकेत बिट्युमेनची प्रतवारीही ६०° से. च्या श्यानतेवर केली जाऊ लागली. भारतीय मानक ७३ मध्ये हा बदल २००६ साली झाला. २०१३ च्या आवृत्तीत प्रत हवेच्या तापमानाशी जोडण्यात आली. सलग सात दिवसांचे सरासरी कमाल तापमान ३०° से. पेक्षा कमी असल्यास व्हीजी-१०, ३०°–३८° ला व्हीजी-२०, ३८°–४५° ला व्हीजी-३० आणि त्यापुढे व्हीजी-४० ही प्रत सांगितली आहे. अशा रीतीने स्थानिक ऊन हे निवडीचे मोजमाप ठरले.

जाड थर की वेळेवर लेप : जुन्या पृष्ठावर अधिक जाड थर टाकला म्हणजे तो अधिक टिकेल, ही समजूत साहजिक आहे. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेने केनियात केलेल्या निरीक्षणांनी तिला मर्यादा घातल्या. तेथे मिश्रणाच्या अगदी वरच्या काही मिलिमीटरांतील बिट्युमेन अल्पकाळात कठीण होऊन भेगा वरून खाली जाऊ लागल्या. भेगा थराच्या तळापासून वर येतात, हे पाठ्यपुस्तकी गृहीत तेथे लागू पडले नाही. ज्या पृष्ठांवर सुरुवातीसच खडीचा पातळ लेप दिला होता, ती अधिक काळ सुस्थितीत राहिली. ऊन वरून काम करते, म्हणून संरक्षणही वरच असावे लागते, हा या संशोधनाचा निष्कर्ष होय.

ॲरिझोनाच्या वाळवंटी प्रदेशात फीनिक्स नगराचे द्रव्य-अभियंते चार्ल्स मॅक्डॉनल्ड यांनी १९६० नंतरच्या दशकात याच प्रश्नाचा दुसऱ्या बाजूने विचार केला. जुन्या टायरांचा चुरा तप्त बिट्युमेनमध्ये मुरविल्यास मिळणारे द्रव्य उन्हात पातळ होत नाही व थंडीत तडकत नाही, असे त्यांना आढळले. प्रथम भेगाळलेल्या जागी ठिगळे म्हणून व नंतर सबंध पृष्ठावर फवारून ते वापरले गेले.

लेप व आरोग्य : वाहनतळांसाठी इंधनाने न विरघळणारा लेप हवा, म्हणून अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर कोळशाच्या डांबराचा पायसलेप लोकप्रिय झाला. घरांचे प्रवेशमार्ग व दुकानांपुढील वाहनतळ दर काही वर्षांनी त्याने काळेभोर करण्याची प्रथा पडली. अशा लेपात साधारणतः २० ते ३५ टक्के डांबर असते आणि त्यातील बहुवलयी ॲरोमॅटिक हायड्रोकार्बनांचे प्रमाण बिट्युमेनच्या लेपाहून सु. हजारपट असते. यांपैकी काही संयुगे कर्करोगजनक आहेत. टेक्सस राज्यातील ऑस्टिन येथे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, डांबरलेपित वाहनतळांवरून वाहणाऱ्या पाण्यातील कणांत ही संयुगे लेपविरहित तळांच्या मानाने सरासरी ६५ पट आढळली. पुढच्याच वर्षापासून ऑस्टिनने अशा लेपांवर बंदी घातली. त्यानंतर तेथील सरोवराच्या गाळातील त्यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्ये व मिनेसोटाने २०१४ पासून बंदी अमलात आणली. डांबर व बिट्युमेन यांतील भेद सामान्य नागरिकानेही जाणून घेणे का आवश्यक आहे, हे यावरून स्पष्ट होते.

थरांची चढती पातळी : दर वेळी जुन्यावर नवा थर चढविल्याने मार्गाची पातळी वाढत जाते. भारतातील अनेक जुन्या वस्त्यांत यामुळे घरांचे जोते रस्त्याखाली गेले असून पावसाचे पाणी आवारात व तळमजल्यात शिरते. १९७३ च्या तेलटंचाईनंतर बिट्युमेन महागल्याने जुना थर खरवडून पुन्हा वापरण्याच्या यंत्रांना चालना मिळाली. खरवडल्याने पातळी कायम राहते, उतार सुधारता येतो व खडी आणि बिट्युमेन दोन्ही वाचतात. टाकाऊ प्लॅस्टिकचा उपयोगही याच काटकसरीच्या विचारातून आला. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील राजगोपालन वासुदेवन यांनी तप्त खडीवर प्लॅस्टिकच्या तुकड्यांचे आवरण चढवून मग तीत बिट्युमेन मिसळण्याची पद्धत बसविली. तिच्यासाठी २०१३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे निघाली व २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

कामाची रीत : प्रथम पृष्ठभागाची पाहणी करून पाया खचलेली जागा निराळी काढतात. ती उकरून, भरून व दाबून घेतल्याखेरीज वर लेप देणे निरर्थक असते, कारण खालची भेग लवकरच वर उमटते. सांडलेले तेल धुऊन काढतात, धूळ झाडतात, भेगा भरतात व पाणी साचू नये म्हणून सु. २ टक्के उतार राखतात. केवळ करडा पडलेल्या पृष्ठास पायसाचा लेप किंवा स्लरी सील पुरते. खडी सुटलेल्या पृष्ठास खडीचा लेप लागतो. चाकोऱ्या व खळगे असल्यास हॉट मिक्सचा थर द्यावा लागतो. अशा थराआधी जुन्या पृष्ठावर टॅक कोट फवारतात. व्हीजी-३० बिट्युमेनचे मिश्रण निदान १४०° से. असताना पसरून ते ९०° से. पर्यंत निवण्यापूर्वी रूळ फिरवून घट्ट करावे लागते. उन्हाळ्यात मिश्रण सावकाश निवत असल्याने दाबाईस अधिक वेळ मिळतो. त्याच कारणाने ताजा पृष्ठभाग वाहनांसाठी लवकर खुला करणे मात्र हानिकारक ठरते. महाराष्ट्रात हे काम पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत करतात. खडी नीट बसण्यास काही आठवड्यांची ऊब व वाहतूक आवश्यक असल्याने मेच्या अखेरीस घाईने दिलेला लेप पहिल्या सरींतच सुटण्याचा संभव असतो.

अलीकडील प्रयोग : काळा पृष्ठभाग दिवसा उष्णता साठवून रात्री सोडतो व शहराचे तापमान वाढवितो. वाहनतळांचे विस्तीर्ण क्षेत्र पाहता हा परिणाम नगण्य नाही. फीनिक्सने २०२० मध्ये काही वस्त्यांतील रस्त्यांवर फिकट रंगाचा परावर्तक लेप दिला. दुपारी अशा पृष्ठांचे तापमान नेहमीच्या डांबरी पृष्ठांहून सरासरी सु. ६° से. कमी आढळले. परंतु परावर्तित किरणांमुळे त्यावर उभ्या असलेल्या माणसाला दुपारी अधिक ताप सोसावा लागतो, असेही दिसून आले. त्यामुळे जेथे लोक पायी वावरतात, त्या ठिकाणी झाडांच्या सावलीस अद्याप पर्याय नाही. सावलीने पृष्ठभागाचे आयुष्यही वाढते.

उष्ण प्रदेशातील शंभराहून अधिक वर्षांच्या अनुभवाचा निष्कर्ष साधा आहे. येथे पृष्ठभागाचे वय चाकांच्या फेऱ्यांइतकेच उन्हाळ्यांनीही मोजावे लागते. पृष्ठ करडे पडताच दिलेला स्वस्त पातळ लेप पायास वाचवितो. जाळीदार भेगा पडेपर्यंत थांबल्यास जाड व महाग थरही फार काळ टिकत नाही. नूतनीकरणाचा खर्च मुख्यतः द्रव्यावर नव्हे, तर ते केव्हा केले यावर अवलंबून असतो.